पापा वेम्बा, काँगोची रुंबा आणि 'ला साप': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्र्याची घरं, चिखलाचा रस्ता आणि त्यातून गुलाबी सूट, रेशमी रुमाल आणि लखलखीत बूट घालून चाललेला माणूस. काँगोतले असे फोटो तुमच्याही मोबाइलवर कधीतरी येऊन गेले असतील. त्या फोटोंमागे एक गायक उभा आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. आफ्रिकन संगीताची आवड असल्याचं कळलं की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

पापा वेम्बा कोण होते?

काँगोच्या रुंबा संगीतातले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले सर्वांत ठळक आवाज जे दोन-तीन होते, त्यांतला एक. जन्म 14 जून 1949 चा, तेव्हाच्या बेल्जियन काँगोतल्या कसाई भागातल्या लुबेफू गावचा. पूर्ण नाव ज्यूल शुंगू वेम्बादियो पेने किकुम्बा. समाज टेटेला. लहानपणीच कुटुंब राजधानीत आलं आणि पुढचं सगळं आयुष्य किन्शासा आणि पॅरिस या दोन शहरांत विभागलं गेलं. 'पापा' हे तिथलं आदराचं संबोधन. तरुणपणी मात्र मित्र त्यांना 'ज्यूल प्रेस्ली' म्हणत. एल्व्हिसची हवा तिथेही पोचली होती.

ते फॅशन डिझायनर होते का?

कापड बेतून, शिवून, स्वतःच्या नावाचं दुकान काढून विकणारे? तसे नव्हते. पण किन्शासाच्या एका अख्ख्या पिढीने पँट कुठपर्यंत चढवायची, केस कानाच्या किती वर कापायचे, बूट कुठल्या घाटाचे घ्यायचे हे त्यांच्याकडे बघून ठरवलं. दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांतून त्यांनी एक वेष रचला, त्याला नाव दिलं आणि तो हजारोंच्या अंगावर चढवला. माझ्या मते हे डिझायनरचंच काम आहे, फक्त सुई-दोऱ्याशिवाय.

काँगो नावाचे दोन देश आहेत ना? हा त्यातला कुठला?

वेम्बा किन्शासाचे, म्हणजे आजच्या डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगोचे. इथे पूर्वी बेल्जियमची सत्ता होती आणि 1971 ते 1997 या काळात देशाचं नाव झाईर होतं. काँगो नदीच्या पलीकडच्या काठावर ब्राझाव्हिल, तिथे फ्रान्सची सत्ता होती. दोन्ही राजधान्या एकमेकींच्या समोरासमोर, मध्ये फक्त नदी. दोन्हीकडे लिंगाला भाषा चालते, गाणी दोन्हीकडे वाजतात आणि कपड्यांची ही चढाओढही दोन्ही काठांवर रंगते.

त्यांच्या आवाजात एवढी व्याकुळता कुठून आली?

आईकडून. मृताच्या घरी जाऊन शोकगीतं गाणं हा त्यांच्या आईचा व्यवसाय होता आणि लहानगा ज्यूल तिच्यासोबत जात असे. रात्रभर चालणारं ते गाणं, त्यातले हेल, मध्येच वर चढून तुटणारा सूर हे सगळं त्यांच्या गळ्यात मुरलं. त्यात भर पडली चर्चमधल्या समूहगायनाची. वेम्बांचा आवाज उंच पट्टीतला, किंचित खरखरीत. जल्लोषाच्या गाण्यातही तो कुठेतरी विलाप करतो आहे असं वाटत राहतं. रुंबा गाणाऱ्या इतर मंडळींचे आवाज बहुतेक मखमली, गुळगुळीत असत. त्यात हा एकदम वेगळा पडतो. लिंगाला आणि फ्रेंचसोबत ते आपल्या टेटेला भाषेतही गायले, आणि तिथे आईचं शिक्षण सर्वांत स्पष्ट ऐकू येतं.

रुंबा तर क्यूबाची. मग यात काँगोचं काय?

याचं उत्तर थोडं लांबणार.

गुलामांच्या व्यापारात काँगो नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशातून असंख्य माणसं अटलांटिकपार नेली गेली, त्यांतली बरीच क्यूबात पोचली. सोबत त्यांचे ताल आणि नाच गेले. तिथे स्पॅनिश गिटार आणि गाण्याशी त्यांची गाठ पडली. पुढे 1930 च्या दशकापासून क्यूबन संगीताच्या 78 आरपीएम तबकड्या आफ्रिकेच्या बंदरांत उतरू लागल्या आणि लिओपोल्डव्हिलच्या, म्हणजे आजच्या किन्शासाच्या, लोकांना त्या ऐकताना काहीतरी ओळखीचं वाटलं. त्यांनी ते उचललं, गिटारवर बसवलं, स्पॅनिश शब्दांच्या जागी लिंगाला घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातल्या ग्रीक व्यापाऱ्यांनी रेकॉर्डिंग स्टुडिओ काढले. 'न्गोमा' हा त्यांतला एक, 1948 चा. मग जोसेफ काबासेले यांचा 'आफ्रिकन जाझ' आणि फ्रँको यांचा 'ओके जाझ' हे वाद्यवृंद आले आणि रुंबा काँगोची झाली ती झालीच. 2021 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने काँगोच्या रुंबाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली, तीही दोन्ही काँगोंच्या नावाने.

म्हणून 'परंपरा आणि परदेशी प्रभाव यांचा मेळ' असं वेम्बांबद्दल सरधोपट लिहिलं जातं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. त्यांची परंपराच मुळात समुद्र ओलांडून परत आलेली होती. किन्शासाच्या माणसाला बाहेरचं काही घेऊन आपलं करून टाकण्यात संकोच कधी वाटलाच नाही. गिटार घेतली तशीच इटालियन सुटाची बाहीही घेतली.

झाइको लांगा लांगा हे नाव सारखं येतं. त्याचं महत्त्व काय?

24 डिसेंबर 1969 रोजी किन्शासात स्थापन झालेला हा तरुणांचा बँड. वेम्बा सुरुवातीपासून त्यात होते. या पोरांनी ज्येष्ठांच्या रुंबामधले सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट काढून टाकले आणि सगळा भार गिटारांवर आणि ड्रमवर टाकला. काँगोचं गाणं साधारण दोन भागांत चालतं. आधी संथ गायकी, मग 'सेबेने' नावाचा वेगवान भाग. त्यात गिटार एकच तुकडा फिरवत, चढवत नेते आणि लोक नाचायला उठतात. ख्यालातल्या विलंबित-द्रुतची सवय असलेल्या कानाला हा घाट परका वाटणार नाही. झाइकोने हा सेबेने लांबवला आणि त्याखाली स्नेअर ड्रमचा धावत्या आगगाडीसारखा 'कावाचा' ताल घातला. तो ताल पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरला.

1974 च्या अखेरीस वेम्बा आणि आणखी काही जण फुटले, त्यांनी 'इसिफी लोकोले' काढला. तोही टिकला नाही, मग 'योका लोकोले'. लोकोले म्हणजे पोकळ लाकडाला फट पाडून केलेला, निरोप पोचवायचा जुना ढोल. झाइकोच्या इलेक्ट्रिक गिटारांमध्ये हा गावाकडचा ढोल आणून बसवणं ही वेम्बांची ओढ. शेवटी 1977 मध्ये स्वतःचा बँड निघाला: 'व्हिवा ला म्युझिका'. नाव चक्क स्पॅनिश!

मोबुतूच्या राजवटीचा कपड्यांशी काय संबंध?

फार जवळचा. मोबुतू सेसे सेको 1965 मध्ये लष्करी बंडातून सत्तेवर आले. 1971 मध्ये त्यांनी देशाचं नाव झाईर केलं आणि 'अस्सलपणा'चं धोरण आणलं. ख्रिस्ती नावं टाका, आफ्रिकन नावं घ्या. ज्यूल हे नाव त्यातच मागे पडलं. पुरुषांनी सूट-टाय घालायचा नाही, त्याऐवजी 'अबाकॉस्ट' नावाचा, गळ्यापर्यंत बंद होणारा, टायविना घालायचा कोट. बायकांनी पँट घालायची नाही, छापील कापडाचा 'पान्य' गुंडाळायचा.

वसाहतीचं जोखड फेकायचं तर हे योग्यच, असं वरवर वाटतं, आणि त्या काळात अनेकांना ते मनापासून पटलंही होतं. पण अस्सल काय ते ठरवणार कोण, तर हुकूमशहा, आणि त्याचा तो अबाकॉस्टही परदेशी धर्तीच्या बंदगळ्याचाच भाऊबंद. अशा शहरात विशीतल्या मुलांनी पॅरिसचा ब्लेझर आणि टाय घालून भर चौकात फिरणं हा नुसता नखरा राहत नाही. वेम्बांनी मोबुतूविरुद्ध घोषणा दिल्या नाहीत, राजकीय गाणी म्हणून ओळखली जाणारी गाणीही त्यांच्याकडे जवळजवळ नाहीत. त्यांना क्रांतिकारक ठरवायचा मोह आवरायला हवा. तरी जे बोलून दाखवणं धोक्याचं होतं, ते अंगावर घालून दाखवता येत होतं, एवढं खरं.

टायवरची बंदी उठली ती 24 एप्रिल 1990 च्या मोबुतूंच्या भाषणात. वेम्बांचं निधनही 24 एप्रिललाच झालं, सव्वीस वर्षांनी. निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा.

'ला साप' म्हणजे काय? ती वेम्बांनी सुरू केली का?

नाही, ती बरीच जुनी आहे. 'साप' हे फ्रेंच आद्याक्षरांचं नाव, अर्थ साधारण 'मैफली रंगवणाऱ्या रुबाबदार मंडळींची सभा'. तिचे शिलेदार ते 'सापर'. मूळ ब्राझाव्हिलच्या बाकोंगो वस्तीत. वसाहतकाळात गोऱ्या साहेबांकडे काम करणाऱ्या नोकरांना कधीकधी पगाराऐवजी जुने कपडे मिळत, आणि ते कपडे ही मंडळी साहेबापेक्षा जास्त ऐटीत घालत. पॅरिसला जाऊन आलेले, वसाहतवादाविरुद्ध उभे राहिलेले आंद्रे मात्सुआ यांनाही सापर आपला पूर्वज मानतात.

पुढे स्वातंत्र्यानंतर ब्राझाव्हिलच्या पोरांचं एक ठरलेलं स्वप्न झालं: कसंही करून पॅरिस गाठायचं, पडेल ते काम करायचं, एकेक करत उंची कपड्यांचा संच जमवायचा आणि सुट्टीत गावी परतून तो मिरवायचा. वेम्बांनी हे वेड नदीच्या अलीकडे, किन्शासात, रंगमंचावर आणलं. बँडमधले गायक काय घालतात ही गाण्याइतकीच मोठी बातमी होऊ लागली. गाण्यांच्या मध्ये डिझायनरांची नावं पुकारली जाऊ लागली, जशी देणगीदारांची आणि मित्रांची पुकारायची तिथली पद्धतच आहे.

त्यांनी कुठली फॅशन आणली?

'उन्गारू' हे त्यांच्या एका वेषाचं नाव. 1930 च्या दशकाची आठवण देणारा घाट: चुण्यांची ऐसपैस पँट, ती ब्रोग, म्हणजे भोकांची नक्षी असलेल्या, बुटांच्या वर चढवलेली, केस कानांच्या वर बारीक कापलेले. नंतर ते जपानी डिझायनरांकडे वळले. योजी यामामोटो, इस्से मियाके. काळं, सैल, तिरकं कापलेलं, अंगाचा आकार लपवणारं कापड. किन्शासाच्या उन्हात हे घालायला छाती लागते.

इथे दोन काठांतला फरक दिसतो. ब्राझाव्हिलचा सापर शिस्तीचा भोक्ता: एका वेळी तीनपेक्षा जास्त रंग नकोत, सूट नेटका, चालही बेतलेली. किन्शासाला अतिरेक आवडतो. स्कर्टसारखे झगे, कातडी ओव्हरकोट, एकावर एक थर. ब्राझाव्हिलवाले याला नाक मुरडतात. मला विचाराल तर मी किन्शासाच्या बाजूने.

'साप'चा धर्म असतो म्हणे?

वेम्बांचे एक साथीदार स्टेर्व्होस नियार्कोस यांनी कापडाचा, म्हणजे 'किटेंदी'चा, धर्मच जाहीर केला होता, अर्ध्या थट्टेत आणि अर्ध्या गांभीर्याने. 1995 मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. दर वर्षी 10 फेब्रुवारीला किन्शासातले सापर गोंबे दफनभूमीत त्यांच्या थडग्यापाशी नटूनथटून जमतात.

हे म्हणजे 'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा' नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काँगोतही तो विचारला जातो. मुलांच्या शाळेची फी थकलेली असताना बापाने बुटांवर पैसे उडवावेत का, म्हणून तिथल्या बायका भांडतात. ऋण काढून सण करणारे सापर आहेतच.

पण दोन गोष्टी त्या फोटोंत दिसत नाहीत. पहिली, सगळे कपडे मालकीचे नसतात. सापर एकमेकांकडून मागून आणतात, भाड्याने घेतात, अदलाबदल करतात. एक चांगला कोट अनेकांच्या अंगावरून फिरतो. दुसरी, नुसता महाग कपडा घातला म्हणजे कोणी सापर ठरत नाही. रंगसंगती, चाल, बोलणं, स्वच्छता, भांडण न करणं, हे सगळं तपासलं जातं. वेम्बा स्वतः मुलाखतींमध्ये नीटनेटकेपणावर, दाढी आणि अत्तरावर भर देत, आणि आपले आईवडीलही नेहमी टापटीप असत हे सांगत. गरिबाने गरीब दिसलंच पाहिजे ही अपेक्षा नेमकी कोणाची, हा प्रश्न सापर न बोलता समोर टाकतो. फोटो पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या माणसाच्या उत्पन्नाची काळजी असते. एखादा उद्योगपती तोच सूट घालतो तेव्हा ती कुठे जाते कोण जाणे.

तरीही या प्रकाराची किंमत मोजावी लागली, आणि वेम्बांनाही. त्याबद्दल पुढे.

'व्हिलाज मोलोकाई' काय होतं?

किन्शासातल्या मातोंगे या रात्रभर जाग्या असणाऱ्या वस्तीतलं वेम्बांचं घर आणि आजूबाजूच्या गल्ल्या. तिथल्या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव जुळवलं. वेम्बांनी स्वतःला या 'गावा'चा पारंपरिक मुखिया घोषित केलं, मुखियाची टोपी घालून फोटोही काढले. तालमी तिथेच, नव्या पोरांची पारख तिथेच, कपड्यांची चर्चाही तिथेच. या अंगणातून निघालेल्यांत किंग केस्टर एमेनेया आहेत. कोफी ओलोमिदे यांनीही सुरुवातीच्या काळात वेम्बांसाठी गाणी लिहिली आणि पुढे स्वतः मोठे तारे झाले. वेम्बांकडून माणसं सतत फुटून जात, कधी मोठ्या भांडणाने, आणि तरी नवी येत राहत.

युरोपात नाव कसं झालं?

1987 च्या 'ला व्ही ए बेल' या चित्रपटात त्यांनी शहरात नशीब काढायला आलेल्या खेडवळ गायकाची मुख्य भूमिका केली. तोवर पॅरिस हे दुसरं घर झालंच होतं. मग ब्रिटिश गायक पीटर गेब्रियल यांच्या 'रिअल वर्ल्ड' कंपनीने त्यांचे अल्बम काढले: 1992 चा 'ल व्हॉयाजर', 1995 चा 'एमोशन', 1998 चा 'मोलोकाई'. 1993 मध्ये गेब्रियल यांच्या जगभरच्या दौऱ्यात ते सोबत गायले.

त्यांनी एक युक्ती केली. परदेशी श्रोत्यांसाठी वेगळा संच आणि काँगोवाल्यांसाठी 'व्हिवा ला म्युझिका' वेगळा. पहिल्यात गाणी चार-पाच मिनिटांची, कीबोर्ड आणि सफाईदार ध्वनिमुद्रण. दुसऱ्यात लांबलचक सेबेने आणि नावांचा पुकारा. 'एमोशन' गाजला खरा, पण त्यातलं निम्मं मला इस्त्री केल्यासारखं सपाट वाटतं. जिथे आवाज मोकळा सुटतो तिथेच तो तरतो.

त्यांना तुरुंगवास झाला होता का?

हो. फेब्रुवारी 2003 मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली. बँडचे सदस्य असल्याचं दाखवून पैसे घेऊन लोकांना व्हिसावर युरोपात आणल्याचा आरोप होता. साडेतीन महिने ते कोठडीत होते, नंतर 2004 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. किन्शासात याकडे बघण्याची दृष्टी अर्थातच वेगळी होती. ज्याला युरोपचं दार उघडता येतं त्याने चार पोरांना आत घेतलं तर काय बिघडलं, असं म्हणणारे खूप होते. पण ती पोरं फुकट आत आली नव्हती. उंची कपड्यांनी पॅरिसचं जे स्वप्न विकलं, त्याचीच ही काळी बाजू, आणि चाहत्यांनी ती झाकू नये.

निधन कसं झालं?

आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजान शहरात, रंगमंचावर. 24 एप्रिल 2016 च्या पहाटे एका संगीत महोत्सवात गाता गाता ते कोसळले. पुढे नाचणाऱ्या मुलींना ते लगेच कळलंही नाही, काही क्षण नाच चालूच राहिला. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. वय 66. पार्थिव किन्शासात आणून संसद भवनात अंत्यदर्शनाला ठेवलं, सरकारने मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. सापर मंडळी आपापल्या सर्वोत्तम कपड्यांत आली होती.

यात स्त्रिया कुठे आहेत?

बराच काळ नव्हत्याच. 'साप' हा पुरुषांचा अड्डा होता. आता दोन्ही शहरांत सूट, टाय आणि पाइप घेऊन उतरणाऱ्या 'सापझ' दिसतात.

आज त्यांचा वारसा कोणाकडे?

फ्रान्समध्ये तुफान खपणारा रॅपर-गायक मेत्र गिम्स किन्शासात जन्मलेला. त्याच्या वडिलांचं नाव जुना जनाना (Djuna Djanana), ते 'व्हिवा ला म्युझिका'चे गायक. फाली इपुपा कोफींच्या बँडमधून आलेला, त्याचे कपडेही गाण्याइतकेच चर्चेत असतात. पण मला सर्वांत रस वाटतो तो बालोजीत. 1978 मध्ये काँगोतल्याच लुबुंबाशी शहरात जन्म, वाढला बेल्जियममध्ये, आधी रॅपर. 2023 मध्ये त्याचा पहिला मोठा चित्रपट कान महोत्सवात पुरस्कार घेऊन गेला आणि त्याच्या वेशभूषेतही त्याचा स्वतःचा हात होता. इथे संगीतकार आणि वेषकार खरोखर एकच माणूस आहे. केपटाउनमध्ये वाढलेला गायक पेटिट न्वार हाही त्याच वळणाचा. त्याच्या 2015 च्या अल्बमचं नाव आणि वेम्बांच्या चित्रपटाचं नाव एकच आहे.

कपड्यांच्या जगाचं म्हणाल तर ब्रिटिश डिझायनर पॉल स्मिथ यांनी 2010 च्या एका संग्रहासाठी थेट बाकोंगोच्या सापरांवरून प्रेरणा घेतली. लंडनच्या धर्तीचा सूट काँगोत गेला, तिथे त्याचे रंग बदलले आणि तो लंडनला परत गेला. रुंबाची गोष्ट आठवली ना?

लिंगाला येत नाही, तरी ऐकायचं कुठून सुरू करू?

'एमोशन'पासून करू नका, जरी सगळीकडे तोच सुचवला जातो. 'मोलोकाई' घ्या. त्यात जुनीच गाणी कमी वाद्यांत, जवळजवळ मैफलीसारखी गायली आहेत आणि आवाज अगदी समोर आहे. मग 1980 च्या दशकातलं 'व्हिवा ला म्युझिका' ऐका, हेडफोन लावून. तीन गिटार वेगवेगळ्या धरा: एक ताल सांभाळते, एक वर नक्षी काढते आणि मधली, जिला 'मी-सोलो' म्हणतात, ती दोघींना जोडते. सेबेने सुरू झाल्यावर गाणं संपत आलं समजून पुढे ढकलू नका, खरी मजा तिथेच आहे. शब्दांत बहुतेक वेळा प्रेम, विरह आणि ओळखीच्या लोकांची नावं असतात, ते कळले नाहीत तरी अडत नाही. व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा, आणि बूट बघायला विसरू नका.